जालंधरचे बेणे, निपाणीचा मावा

खरिपाच्या तोंडावर बेळगावच्या बाजारात जालंधरच्या बटाटा बेण्याची पोती उतरली की गिऱ्हाईक विचारते, ज्योती आहे का, आणि डोळा कसा आहे. विषाणूबद्दल कोणी विचारत नाही. सल्ला देणाऱ्या आपण मंडळींनी तरी विचारायला हवे.

'कुफरी ज्योती' १९६८ चे वाण. करप्याला तोंड देते म्हणून ते गाजले. तो गुण आता ओसरला आहे. तरी ते टिकले, कारण विषाणूने त्याचे बेणे सावकाश बाद होते. पण याला प्रतिकार समजून गाफील राहू नये.

माव्याने येणाऱ्या दोन मुख्य विषाणूंची चाल निराळी. पाने गुंडाळणारा विषाणू घ्यायला माव्याला बराच वेळ रस शोषावा लागतो, मग तो त्याच्या अंगात मुरावा लागतो. तेवढ्यात औषध काम करते. वाय विषाणू मात्र काही सेकंदांत सोंडेला चिकटतो आणि पुढच्या झाडाची नुसती चव घेतानाच तिथे उतरतो. औषधाने मावा मरतो, पण उशिरा. वायवर कीटकनाशक लिहून देणे म्हणजे शेतकऱ्याचा पैसा आणि आपली पत, दोन्ही घालवणे.

त्यात आपल्याकडे तंबाखू. केनेथ स्मिथ यांनी १९३१ मध्ये वाय वेगळा ओळखला, तो तंबाखूच्याच परीक्षक झाडांच्या मदतीने. निपाणी पट्ट्यात ते झाड शिवारभर उभे असते! खरीप बटाटा निघण्याच्या सुमारास तंबाखूची लावण होते आणि हिरवा मावा दोन्हीकडे हिंडतो. मिरचीही या विषाणूला चालते.

खरा उपाय वाणात आहे. अँडीजमधल्या बटाट्यांतून मिळालेले 'आरवाय' जनुक असेल तर वाय झाडात वाढूच शकत नाही. पाने गुंडाळणाऱ्याला मात्र ते रोखत नाही. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने या जनुकाच्या तीन प्रती असलेले जनक वाण तयार केले आहेत. त्यांची जवळजवळ सगळी संतती प्रतिकारक निघते. धारवाडला बटाटा केंद्र आहे आणि निपाणीला तंबाखू संशोधन केंद्र. अशा संततीची चाचणी तंबाखूच्या बांधालगत घ्यायला त्यांना कोणाची आडकाठी असावी?

तोवर विक्रेत्याला एकच विचारा : पाला कधी कापला? शंभर संयुक्त पानांवर वीस मावे दिसायच्या आत तो कापायचा, असा पंजाबच्या बेणेप्लॉटचा नियम आहे. उत्तर येत नसेल, तर पोत्यावरची प्रमाणित बेण्याची निळी चिठ्ठी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.