श्रावणबाळाच्या नावानं चांगभलं!

पुन्हा तो फोटो फिरायला लागलाय. पांढऱ्या साडीतली आजी, खिडकीचे गज, डोळ्यात पाणी. खाली मजकूर, की आई-वडिलांना वृद्धाश्रमात टाकणाऱ्यांना देव कधीच माफ करणार नाही. कालपासून मला तो पाच ग्रुपवर आलाय. सोसायटीचा, शाळेचा, माहेरचा, भिशीचा आणि एका पक्षाच्या वॉर्डाचा. पाचही ठिकाणी खाली हात जोडलेले आणि रडणारे इमोजी.

मला या फोटोचा राग येतो. तो पाठवला की आपलं कर्तव्य झालं असं पाठवणाऱ्याला वाटतं. आणि ज्या घरात खरंच असं माणूस आहे, त्या घरातल्या बाईला तो रात्री साडेअकराला दिसतो. सासऱ्यांचा डायपर बदलून, हात धुऊन, दिवसात पहिल्यांदा मोबाइल हातात घेते तेव्हा. तिला काय वाटत असेल, याचा विचार हात जोडणाऱ्यांपैकी कुणी केलाय का?

स्पष्टच बोलते. ज्यांना घरात एकटं राहणं आता झेपत नाही, गॅस चालू राहतो, बाथरूममध्ये पाय घसरतो, बीपीची गोळी दोनदा घेतली जाते, अशा माणसांना मुलं वृद्धाश्रमात "टाकतात" हा आपला लाडका समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वृद्धाश्रम त्यांना घेतच नाहीत.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझे मामा-मामी डोंबिवली पूर्वेला राहतात. तळ अधिक चार मजल्यांची जुनी इमारत, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे. मुंबईत एका छापखान्यात आयुष्य गेलं. गेली तीन वर्षं विसरतात. विसरतात म्हणजे चष्मा विसरत नाहीत, रिटायर झालोय हे विसरतात. सकाळी शर्ट इन करून, पिशवीत डबा म्हणून रिकामा स्टीलचा डबा घालून स्टेशनला निघतात. दोनदा फलाटावर सापडले. (दोन्ही वेळा बरोबर त्यांच्या नेहमीच्या डब्याच्या जागी उभे होते. लोकल डोक्यातून जात नाही आपल्या.) मामी एक्क्याऐंशीच्या. त्या सगळं सांभाळत होत्या, गेल्या पावसाळ्यात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आठव्या दिवशी रुग्णालयानं सांगितलं, पेशंट स्टेबल आहे, घरी न्या. घरी कुठं? तिसऱ्या मजल्यावर, जिथं मामा आहेत आणि जिथं पाश्चात्त्य पद्धतीचं संडास नाही? तिथल्या बाईंनी कागद पुढं केला आणि म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही बघा. त्यांची मुलगी, माझी मामेबहीण, पुण्यात नोकरी करते. तिची सुट्टी तोवर संपली होती. खुर्चीत बसवून चार पोरांनी मामींना वर नेलं, तेही इमारतीतली पोरं चांगली म्हणून.

मग मी आणि बहिणीनं वृद्धाश्रमांना फोन लावले. एकाकडूनही "आणा" असं उत्तर आलं नाही. फॉर्मवरच अट असते, प्रवेशार्थी चालता-फिरता असावा, स्वतःची दैनंदिन कामं स्वतः करू शकणारा असावा, मानसिक आजार नसावा. म्हणजे ज्याला घरी राहणं जमतंय त्याला तिथं जागा आहे. ज्याला जमत नाही त्याला नाही. एकानं तर सांगितलं, आत्ता ठीक असतील तर घेऊ, पण अंथरुणाला खिळले की तुम्हाला परत न्यावं लागेल, तसं हमीपत्र द्या. मी त्यांनाही फार दोष देत नाही. त्यांच्याकडे माणसं नाहीत, नर्स नाही, देणग्यांवर चालतंय. जे घेतात, ते महिन्याला जी रक्कम सांगतात ती ऐकून आम्ही फोन ठेवला.

तेव्हा मंडळी, "टाकलं" हा शब्द जरा जपून वापरा.

"पूर्वी कुठं होते वृद्धाश्रम? संस्कार होते!" हे वाक्य कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर देते. पूर्वी घरात आठ माणसं होती आणि त्यातल्या तीन बायकांना बाहेर नोकरी नव्हती. त्या तिघींनी केलं, आपण त्याला संस्कार म्हटलं. शिवाय पूर्वी अंथरुणावरचं माणूस फार दिवस राहायचं नाही. आज औषधांनी माणूस जगतो, चांगलंच आहे, पण दहा-दहा वर्षं कुणीतरी चोवीस तास लागतं. देशभरातल्या ज्येष्ठांच्या एका मोठ्या पाहणीवर आधारलेला अभ्यास २०२३ साली आला. साठीपुढच्या शंभरातल्या साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशात ८८ लाख माणसं, असा त्याचा अंदाज. याला संस्कार काय करणार? मामांना संस्कार कमी पडले म्हणून ते फलाटावर जात नाहीत.

श्रावणबाळाची गोष्टही आपण अर्धीच सांगतो. कावड, तीर्थयात्रा, मातृपितृभक्ती. पुढं काय झालं? पाणी आणायला गेलेला एकुलता एक पोरगा दशरथाच्या बाणानं गेला आणि दोघं आंधळे आई-बाप झाडाखाली तहानलेले राहिले. तेही वाचले नाहीत. सगळा भार एकाच खांद्यावर असला की तो खांदा गेल्यावर काय होतं, त्याची ही गोष्ट आहे. आपण मात्र ती मुलांना भक्तीचा धडा म्हणून शिकवतो.

आणि सरकारनं काय केलं? योजनेला त्याचं नाव दिलं! श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. वय ६५ पूर्ण हवं, महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दिवसाला पन्नास. मोठ्या माणसाचा एक डायपर साधारण तेवढ्यालाच पडतो. अट काय, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. वर्षाचं! महिन्याला १,७५० झाले. या आकड्यात या राज्यात कोणतं कुटुंब जगतं ते मला कुणी दाखवावं. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये दिल्लीचा वाटा ऐंशीच्या आतल्यांना २०० आणि पुढच्यांना ५०० रुपये आहे, आणि तो गेल्या दहा वर्षांहून जास्त काळ हललेला नाही. मामांची पेन्शन ईपीएस-९५ ची, दोन हजारांच्या आत. तरी ते या योजनेत बसत नाहीत, कारण बँकेतल्या पुंजीचं व्याज येतं. ती पुंजी आता २४ तासांच्या मावशींच्या पगारात चाललीये.

आता पुढचा हिशेब बघा. २०२४ साली निवडणुकीच्या तोंडावर दोन योजना आल्या. मुख्यमंत्री वयोश्री, ६५ च्या पुढच्यांना काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची घ्यायला एकदाच ३,००० रुपये. आणि मुख्यमंत्री तीर्थदर्शन, साठीच्या पुढच्यांना एका यात्रेसाठी माणशी ३०,००० रुपयांपर्यंत. माझं देवाशी भांडण नाही. जाऊ द्यात ज्यांना जाता येतं त्यांना. पण चालता येणाऱ्याला फिरवायला तीस हजार आणि न चालणाऱ्याला उभं करायला तीन हजार, हा हिशेब कुणी केला? सोपं आहे. यात्रेच्या गाडीला झेंडा दाखवता येतो. कमोड खुर्चीला झेंडा दाखवतानाचा फोटो बरा दिसत नाही.

एसटीत ७५ च्या पुढे फुकट, तेही असंच. तिसरा मजला उतरता आला तर एसटी. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांचं कवच मिळालं, त्याचं मी मनापासून स्वागत केलं होतं. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. मामींचं ऑपरेशन त्यातून होईल, ऑपरेशननंतरचे सहा महिने नाही. आणि मोडलेला खुबा त्या सहा महिन्यांत सांभाळावा लागतो.

कायदा आहे की, म्हणाल. आहे. २००७ चा, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. मुलं बघत नसतील तर प्रांतांकडे अर्ज करायचा, दरमहा १०,००० पर्यंत पोटगी मिळू शकते. फ्लॅट नावावर करून घेऊन आईला जिन्यात बसवणारे नग आहेत आणि त्यांच्यासाठी हा कायदा हवाच. बक्षीसपत्र रद्द करायचीही सोय त्यात आहे, ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर वापरा. पण तो कायदा पैसे मिळवून देऊ शकतो. रात्री दोनला बाथरूमपर्यंत धरून नेणारा हात तो कुठून आणणार? त्याच कायद्यात लिहिलंय की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांना राहता येईल असं वृद्धाश्रम उभारू शकेल. "उभारू शकेल" म्हटलंय, "उभारील" असं नाही. ठाणे जिल्ह्यातल्या अशा वृद्धाश्रमाचा पत्ता कुणाला माहीत असेल तर खाली लिहा, मी स्वतः जाऊन बघून येते.

आता मावशींबद्दल. आमच्याकडे ब्युरोतून येतात. बारा तास किंवा चोवीस तास. ब्युरोवाला आपलं कमिशन आधी कापून घेतो. ती कोण आहे, तिला शिकवलंय का, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कधी बदलायची, नाकातल्या नळीतून भरवताना डोकं किती वर ठेवायचं, हे तिला माहीत आहे का, कुणी विचारत नाही. केस कापायच्या दुकानाला परवाना लागतो. म्हाताऱ्या माणसाचा जीव ज्याच्या हातात द्यायचा त्या ब्युरोला आम्ही विचारला, तर तो म्हणाला, बोर्ड आहे ना बाहेर. आणि त्या मावशींना कोण विचारतं? आमच्या मावशी कर्जतहून आल्यात. दोन खाटांच्या मधे जमिनीवर झोपतात, रात्री चार वेळा उठतात. त्यांची स्वतःची आई गावाला एकटी आहे. २०१९ साली लोकसभेत या कायद्याची दुरुस्ती मांडली होती, घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा त्यात होता, दहा हजारांची मर्यादाही काढायची होती. पाच वर्षांत ती मंजूर झाली नाही. लोकसभा संपली, विधेयक बाद झालं. आपल्यापैकी कुणाला कळलंही नाही, आपण फोटो फॉरवर्ड करत होतो.

माझी बहीण ५३ वर्षांची आहे. नोकरी सोडायच्या विचारात आहे. केंद्र सरकारी बाईला मुलांसाठी पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, ते योग्यच. आई-बापांसाठी तशी वेगळी रजा नाही. खासगीत तर विचारूच नका. तिनं नोकरी सोडली की लोक म्हणतील, बघा, मुलगी असावी तर अशी. तिचा पीएफ तिथंच थांबेल, आणि वीस वर्षांनी तिच्या खाटेशेजारी कोण असेल ते बोलायचं नाही.

"सगळं सरकारनंच करायचं का?" नाही. आम्ही करतोय की. पण अधूनमधून बदली खेळाडू लागतो, एवढंच म्हणतेय. जपान-बिपान सोडा, केरळ बघा. १९९३ साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी आणि साध्या माणसांनी सुरुवात केली. शेजारपाजारचे स्वयंसेवक शिकवून तयार केले. २००८ मध्ये राज्यानं त्याचं धोरण केलं, आणि आज तिथं पंचायतीच्या पैशावर नर्स खिळलेल्या माणसाच्या घरी जाते. जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. ते राज्य काही सोन्याचं नाही. आपल्याकडेही ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि त्यात घरी भेट देणं लिहिलेलं आहे. आमच्या जिन्यात अजून कुणी चढलेलं नाही.

आपल्याकडे काय आहे? विरंगुळा केंद्र. नगरसेवकाच्या नावाची पाटी, चार बाकं, कॅरम. छान आहे, पण तिथं चालत यावं लागतं. त्याच केंद्रात दिवसा आठ तास मामांसारख्या पाच-सहा जणांना बसवायची, जेवायची, त्यांच्यावर नजर ठेवायची सोय केली, दोन शिकलेल्या बायका नेमल्या, तर तेवढ्या घरांतल्या बायका नोकरीला जातील. जागा आहे, पाटीही आहेच.

आणि एक विसरू नका. मामींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कुठं हलवू नका गं, यांना दुसरं घर ओळखू येणार नाही." नंतर कळलं, त्या आधीही दोनदा पडल्या होत्या आणि सांगितलं नव्हतं. सांगितलं की हलवतील, या भीतीनं. आपल्या आसपासची किती म्हातारी माणसं आत्ता असं लपवत असतील!

मी प्रभाग कार्यालयात आणि आरोग्य विभागात पत्र देतेय. तीन गोष्टी मागतेय. अंथरुणावरच्या माणसांसाठी महिन्यातून दोनदा पालिकेची नर्स घरी, ब्युरोंची नोंदणी, आणि एका विरंगुळा केंद्रात दिवसभराची सोय. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये आहे, दुरुस्त्या सुचवा. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी खाली फक्त एवढंच लिहा, कितवा मजला, लिफ्ट आहे की नाही, आणि रात्री जवळ कोण असतं. नावं नकोत. शंभर उत्तरं जमली की पत्राला जोडून देईन.