वाचनयंत्रही उसने मिळायला हवे

अभनपूर ते रायपूर हे अंतर सुमारे तीस किलोमीटर. ज्या गावात पूर्वी छोट्या रुळांवरची गाडी यायची, तिथून ३० मार्च २०२५ला रायपूरसाठी मेमू गाडी सुरू झाली. शिकायला शहरात जाणाऱ्या मुलामुलींची सोय झाली. पण त्यांची एक जुनी अडचण गाडीने सुटत नाही. वर्ग संपल्यावर ग्रंथालयात बसावे, तर घरी जायला उशीर होतो. पुस्तक घरी न्यावे, तर ते आधीच दुसऱ्या कुणीतरी नेलेले असते. परीक्षा जवळ आली की दोन प्रतींवर पन्नास जणांचा डोळा असतो.

खरे तर आज वाचायला पुष्कळ काही मोफत उपलब्ध आहे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८मध्ये देशाला अर्पण झाले. १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना खुली झाली. त्यासाठी तीन वर्षांकरता सहा हजार कोटी रुपये मंजूर आहेत. पाणी दारापर्यंत आले, पण ते भरायला घरात घागर नको का?

‘मोबाइल आहे की!’ असे उत्तर लगेच मिळते. छत्तीसगड सरकारने तर २०१८मध्ये महिलांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोबाइल वाटलेही होते. पण तीनशे पानांचे पुस्तक तळहाताएवढ्या पडद्यावर वाचून पाहा. चौथ्या पानावर निरोप येतो, सहाव्या पानावर फोन वाजतो आणि दहाव्या पानापर्यंत डोळे चुरचुरू लागतात. शिवाय अनेक घरांत एकच मोबाइल असतो आणि संध्याकाळी तो मुलीच्या वाट्याला सर्वात शेवटी येतो.

ई-बुक रीडर हे यंत्र फक्त वाचण्यासाठी आहे. त्याच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगकणांच्या सूक्ष्म कुप्या असतात. पान उलटताना तेवढी वीज लागते, एरवी नाही. म्हणून एकदा चार्ज केले की ते कित्येक दिवस चालते. मात्र २०१२मध्ये किंडल भारतात आले, तेव्हाही त्याची किंमत ६,९९९ रुपये होती. सामान्य घरातल्या विद्यार्थ्याने ते विकत घ्यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. ग्रंथालयाने घेतले, तर तेच यंत्र दर पंधरा दिवसांनी नव्या हातात जाईल. पुस्तके वापरासाठी असतात, हा डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा १९३१चा पहिला नियम यंत्रांनाही लागू आहे. ती कपाटात कुलूपबंद ठेवण्यासाठी नसतात.

पण घाईही नको. अमेरिकेत २००९मध्ये काही विद्यापीठांनी विद्यार्थ्यांना मोठ्या पडद्याचे किंडल डीएक्स देऊन पाहिले. प्रिन्स्टनमध्ये त्या वर्गांतली कागदी छपाई जवळजवळ निम्म्यावर आली. मात्र समासात टिपणे लिहिता येत नाहीत, झरझर पाने चाळता येत नाहीत, अशी तक्रार विद्यार्थ्यांनी केली. अॅरिझोनात तर अंधांच्या संघटना कोर्टात गेल्या. यंत्र मजकूर वाचून दाखवत होते, पण यादीतून पुस्तक निवडायला डोळस माणूसच लागत होता. जानेवारी २०१०मध्ये तडजोड झाली आणि अंधांना वापरता येईल अशीच यंत्रे पुढे निवडायची, हे तत्त्व मान्य झाले.

त्याच २००९मध्ये आणखी एक धडा मिळाला. हक्कांच्या वादामुळे अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची विकलेली पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. ई-पुस्तक विकत घेणे म्हणजे बहुधा केवळ वाचण्याचा परवाना घेणे असते, हे तेव्हा अनेकांना कळले. म्हणून करार नीट वाचल्याशिवाय ग्रंथालयाने पैसे मोजू नयेत.

रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठासारख्या मोठ्या विद्यापीठांनी आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांनी ही सोय करायची ठरवली, तर सुरुवात वीस-पंचवीस यंत्रांनीही करता येईल. पाठ्यपुस्तकांची पाने छोट्या पडद्यावर मुंगीएवढी दिसतात, म्हणून पडदा मोठा हवा. हिंदी आणि मराठी अक्षरे नीट उमटतात की नाही, हे आधी पाहायला हवे. किंडलवर या भाषांतली पुस्तके डिसेंबर २०१६पासून मिळू लागली. रायपूरच्या मराठी घरातल्या मुलांनाही मग मराठी पुस्तकासाठी नागपूरच्या पाहुण्यांची वाट पाहावी लागणार नाही. दूरच्या गावांतून ये-जा करणाऱ्या आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा पहिला हक्क असावा. मागच्या वाचकाची टिपणे आणि खाते पुसूनच यंत्र पुढच्याला द्यावे.

खरी अडचण पैशांपेक्षा भीतीची आहे. यंत्र फुटले तर? हरवले तर? या भीतीपोटी भलीमोठी अनामत मागितली, तर ज्यांच्यासाठी योजना, तेच रांगेबाहेर राहतील. पुस्तकांची पानेही फाटतातच, म्हणून पुस्तके देणे कुणी थांबवले नाही. दुरुस्तीची तरतूद ग्रंथालयाच्या खर्चातच असावी.

आणि घरच्यांनीही एक करावे. संध्याकाळी मुलगी ते यंत्र घेऊन बसली, तर ‘पुन्हा मोबाइल?’ म्हणून ओरडू नये. ती पुस्तक वाचते आहे. तिला वाचू द्यावे.