सेवा आणि कंबर

आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा मी अकरावीत होतो. पुढची तीन वर्षे ती खाटेवरच होती. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते काम आई करी. मी शेजारच्या खोलीत पदार्थविज्ञानातील तरफेची उदाहरणे सोडवीत बसे! आजी गेली तेव्हा आलेगेले सारे आईला म्हणाले, "केवढी सेवा केलीत!" मीही तेच म्हणालो. आज आईला खाली बसून विळीवर भाजी चिरता येत नाही.

गणित सोपे आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या चकतीपासून सुमारे 5 सेंटिमीटर मागे असतात. वाकून, हात लांबवून धरलेले ओझे 50 सेंटिमीटर पुढे असते. म्हणजे 10 किलोसाठी स्नायूंना 100 किलोंचा जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. परीक्षेत मला याचे पूर्ण गुण मिळाले, घरात शून्य.

आमच्या गल्लीतले एक काका रविवार पेठेत हमाली करीत. आजीच्या शेवटच्या महिन्यात ते भेटायला आले. आईला उचलताना पाहून म्हणाले, "वहिनी, ओझं लांबनं उचलू नका, अंगाजवळ घ्या." त्यांनी खाटेच्या पायांखाली विटा घातल्या, आजीच्या अंगाखाली दुमडलेली चादर सरकवली आणि एक टोक माझ्या हाती दिले. आजी अलगद वळली. तीन वर्षांत माझा हात लागला तो त्या दिवशी.

1948 च्या कारखाना कायद्याचे 34 वे कलम इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावू नये असे सांगत असे. 1967 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची मर्यादा सुचवली. घरात रोग्याला उचलणाऱ्या बाईसाठी मात्र मर्यादा नाही, फक्त स्तुती आहे. आणि स्तुती करणाऱ्याला चादरीचे टोक धरावे लागत नाही!

सेवेत हिशेब कसला, असे कोणी म्हणेल. हिशेब मायेचा नाही, ओझ्याचा आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्त्यासाठी दगड वाहतो. त्यातला एक तास रोग्याला कसे उचलावे, कसे वळवावे हे शिकण्यासाठी ठेवावा, आणि आधी मुलांना शिकवावे. तोवर मित्रांनो, आज घरी गेल्यावर पाण्याची घागर कोण उचलते, एवढे तरी पाहा.