गाडी घेताय? आधी व्याजाची रीत विचारा



गेल्या पंधरवड्यात बोंडअळीची पाहणी करण्यासाठी एका गावी गेलो होतो. शिवारफेरी झाली, चहा झाला, आणि घरमालकांनी कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "साहेब, चारचाकी घेतोय. पाच लाख कर्ज, व्याज फक्त आठ टक्के. सही करू का?" तोच आतून त्यांच्या घरच्या म्हणाल्या, "आठ टक्के म्हणजे कसे, ते आधी विचारा की!" बाईंचा प्रश्न लाख मोलाचा होता. आज त्याचेच उत्तर.

व्याज आकारण्याच्या दोन रीती आहेत. एक 'फ्लॅट', म्हणजे सरसकट. दुसरी घटत्या बाकीवर. समजा, तुम्ही पाच एकर जमीन खंडाने घेतली आणि दरवर्षी एकेक एकर मालकाला परत केली. खंड मात्र शेवटच्या वर्षापर्यंत पाचही एकरांचा द्यायचा! हा व्यवहार तुम्ही कराल का? फ्लॅट व्याज तसेच असते. मुद्दल फिटत जाते, पण व्याज मूळ रकमेवरच चालू राहते.

आता हिशेब पाहू. 5 लाख रुपये, मुदत 5 वर्षे, फ्लॅट 8 टक्के. वर्षाचे व्याज 40 हजार, पाच वर्षांचे 2 लाख. महिन्याचा हप्ता सुमारे 11,667 रुपये. तेच कर्ज घटत्या बाकीवर 10 टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे 10,624 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 1 लाख 37 हजार. म्हणजे 'महाग' दिसणारे दहा टक्के 'स्वस्त' आठ टक्क्यांपेक्षा सुमारे 63 हजारांनी स्वस्त! तो फ्लॅट आठ टक्के दर खरे पाहता सुमारे 14 टक्के पडतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. पहिली गाडी घेताना मीही असाच आकडा पाहून सही केली. दोन वर्षांनी बाकी विचारायला गेलो, तेव्हा डोळे उघडले. पदवी शेतकीची, पण व्याजात नापास!

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : गाडीच्या दुकानातच कर्जाचा कागद पुरा करू नका. आधी आपले खाते असलेल्या बँकेत जा. सातबारा, आठ-अ आणि ऊस वा दुधाच्या बिलांचे पैसे जमा झालेले पासबुक सोबत न्या. निदान तीन ठिकाणी दर विचारा, आणि एकाचा लेखी दर दुसऱ्याला दाखवा. बैलबाजारात घासाघीस करणारा शेतकरी बँकेत गप्प का बसतो, हे मला कोडे आहे.

दुसरी : 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा कर्जाला 'मुख्य तथ्य विवरण' देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तुलना त्याच आकड्याची करा. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, तेही तेथेच पाहा.

तिसरी : तुमची पत. कर्जफेडीच्या इतिहासावरून 300 ते 900 गुण मिळतात. गुण चांगले, तर दर कमी मागता येतो. पतमापन संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढून चुका दुरुस्त करून घ्या. पाहुण्याच्या कर्जाला जामीन राहिला असाल आणि त्याने हप्ते थकवले, तर डाग तुमच्या नावालाही लागतो.

चौथी : पदरचे जास्त घाला, मुदत कमी घ्या. वरचेच कर्ज 10 टक्क्यांनी तीन वर्षांत फेडले, तर व्याज सुमारे 81 हजार. मात्र हप्ता 16 हजारांवर जातो. दरमहा पैसा येत नसेल, तर सुगीला जुळणारे सहामाही हप्ते मिळतील का, ते विचारा.

आणि एक कळकळीचे सांगणे. पीककर्जाचा पैसा गाडीत घालू नका. 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडले, तर केंद्राच्या सवलतीने 4 टक्क्यांनी पडते. ते थकले की सवलत जाते, आणि पुढच्या हंगामाला बियाणे-खतासाठी सावकाराचे दार दिसते. गाडी दारात उभी आणि रान पडीक, अशी घरे मी पाहिली आहेत.

कर्ज फिटल्यावर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत नोंद उतरवायला विसरू नका.

त्या घरी त्या दिवशी सही झाली नाही. कागद कपाटात परत गेला, आणि दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघे मिळून तालुक्याच्या बँकेत गेले. तुम्हीही कर्जाचा कागद घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचा. फेड साऱ्या घराला करायची असते.