चूल पडवीत, पुस्तके घरात

भगिनींनो, शहागडला गोदाकाठच्या पुष्कळ लहान घरांत सासूच्या हातची मातीची चूल अजून आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस आला. पण सिलिंडर संपला की तीच चूल पेटते. ती मोडू नका, पडवीत हलवा. उचलताना फुटली तर तशीच नवी घाला. कोंडलेल्या धुराने डोळे चुरचुरतात, फुफ्फुसे खराब होतात. जवळ बसलेल्या लेकरालाही तो भोवतो.

पडवीत चुलीला, वैलाला रोज पोतेरे द्या, गेरूचा काठ ओढा. आतल्या भिंतीची काजळी आधी धुवा, मगच चुन्याचे दोन हात द्या. नाहीतर डाग पुन्हा उमटतात. रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात मुलांच्या पुस्तकांसाठी फळी ठोका. घराची खरी शोभा तीच!