पाठीचा घसारा कोणाच्या खाती?

पोती वाहून ज्याच्या मणक्यातील चकती सरकली, त्या हमालाच्या पाठीवर शस्त्रक्रिया होते. नसेवरचा दाब काढला जातो आणि कागदोपत्री रोगी बरा होतो. नितंबापासून पोटरीपर्यंत उतरणारी कळ मात्र कित्येकांच्या बाबतीत थांबत नाही. दीर्घकाळ दबलेली नस दाब निघाल्यावर पूर्ववत होतेच असे नाही. कधी शस्त्रक्रियेचा व्रण तिला जखडतो, कधी चकती पुन्हा सरकते. अशा माणसाची ‘मनाचे खेळ’ म्हणून बोळवण करणे व्यवस्थेच्या सोयीचे असते. कारण वेदना मान्य केली, की तिची भरपाईही द्यावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाने शस्त्रक्रियेनंतर उरणाऱ्या दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान दिले आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मात्र दीर्घकालीन वेदनेचे नाव नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रातील हमालाच्या श्रमाला हिशेबात आणले. त्या श्रमाने झालेल्या शरीराच्या झिजेचा हिशेब अपुराच राहिला.

यंत्राचा घसारा मालक खर्चात धरतो. हमालाच्या पाठीचा घसारा त्याच्या बायकोने चार घरची धुणीभांडी करून भरायचा, हा कोणता न्याय? जिल्हा रुग्णालयात वेदनोपचाराची व व्यायामोपचाराची सोय, झेपेल असे पर्यायी काम आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई, एवढे तरी त्याचे हक्काचे देणे आहे. ते चुकते होईपर्यंत त्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे कोणी म्हणू नये.