कान्हेरीच्या भिंतीवरील नावे

बोरिवलीच्या अरण्यातील कान्हेरीची लेणी मुंबईच्या मुलांना अगदी जवळची. सकाळी निघावे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे. एकाच डोंगराच्या काळ्या कातळात येथे शंभरांहून अधिक लेणी खोदलेली आहेत. हे काम सुमारे एक हजार वर्षे चालले होते.

सहलीला आलेली मुले बहुधा चैत्यगृहाच्या ओसरीतील बुद्धाच्या भव्य मूर्तींपाशी थांबतात. थांबावेच, पण भिक्षूंच्या खोल्यांजवळची पाण्याची टाकी पाहिल्यावाचून मात्र परतू नये. पावसाचे पाणी कातळातील चरांवाटे वळवून त्यांत साठवीत असत. असे एक टाके कल्याणच्या एका सोनाराने दान दिले, असे तेथील ब्राह्मी लेख सांगतो. टाक्याला त्यात ‘पोढी’ म्हटले आहे. नाव, गाव, धंदा आणि दान, एवढाच मजकूर. बढाई मुळीच नाही.

लेण्यांच्या भिंतींवर आपले नाव कोरण्याची खोड आजही पुष्कळांना असते. नाव मागे राहावे ही इच्छा काही वाईट नव्हे; त्या सोनारालाही ती असेलच. परंतु त्याने तहानेल्यांना पाणी दिले आणि मग नाव कोरविले. दुसऱ्याच्या भिंतीवर खिळ्याने ओरखडा काढणारा काय देतो? कित्येक लेख वाऱ्यापावसाने आधीच झिजले आहेत. त्यांवर असा ओरखडा पडला, तर उरलीसुरली अक्षरेही कोणाला वाचता यावयाची नाहीत.